नवी जोडी पुढे

शेकोटीजवळ सरका जरा. गव्हाणीत ऊस तुंबलाय, फिटर मंडळी आत शिरलीत, म्हणजे तासभर तरी आपल्या वजनकाट्यावर उसाची गाडी यायची नाही. आणि तुम्ही दोघांनी मघापासून लकडा लावलाय की दत्तोपंत, तुमचं अर्धं आयुष्य कारखान्याच्या रात्रपाळीत गेलं, एखादं भूत सांगा. भूत मी पाहिलेलं नाही. पाहिलं ते मच्छिंद्रने. तुम्ही नोकरीला लागायच्या आधीच तो इथून गेला. आबासाहेबांचा ड्रायव्हर होता. थापा मारणाऱ्यांतला नव्हता. थापा मारणारा असता तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं.

दोन वर्षं झाली. बाहत्तर सालचा जानेवारी. आबासाहेब तेव्हा कारखान्याचे संचालक होते, आजही आहेत, पुढेही राहतील; अशा माणसांना काही होत नाही. कारखान्याची नवी टर्बाइन बसवायला एक जर्मन इंजिनियर आला होता, तो मायदेशी परतताना त्याची मोटार आबासाहेबांनी ठेवून घेतली. चार दारांची, बुटकी, करड्या रंगाची. उभी असली की काही विशेष वाटायची नाही, पण पळायला लागली की नगरच्या रस्त्यावर भले भले बाजूला व्हायचे. तिची खुबी अशी की इंजिनाचा जोर मागच्या चाकांना नव्हताच. आपल्याकडच्या सगळ्या मोटारी मागून ढकलल्या जातात. ही पुढची चाकं ओढायची. बाजारच्या दिवशी लोक गुडघ्यावर बसून खालून बघायचे.

मच्छिंद्र अकरा वर्षं मिलिटरीत ट्रक चालवून आलेला. आबासाहेब त्या गाडीचे मालक कागदावर. खरी गाडी मच्छिंद्रची. सकाळी उठून बायकोशी बोलायच्या आधी तो गाडीवरून फडकं फिरवायचा. तर त्या जानेवारीत गाडीचे चारही टायर गुळगुळीत झाले, आणि एका सोमवारी तो नवे आणायला नगरला गेला.

स्टेशन रोडला राधाकृष्ण मिस्त्रीचं टायरचं दुकान होतं. लढाई संपून महिना होत होता, टायर म्हणाल तो मिलिटरीकडे गेलेला, आणि त्यात हे परदेशी माप. मिस्त्रीने माळ्यावर चढून बरीच उलथापालथ केली, तेव्हा त्या मापाची नवी जोडी निघाली. एकच. उरलेल्या दोन चाकांसाठी त्याच्याकडे रिमोल्ड होते, म्हणजे झिजलेल्या जुन्या टायरवर नवं रबर चढवलेले. मच्छिंद्रने त्यात नख रोवून पाहिलं, थाप मारून आवाज ऐकला, नाकाशी नेऊन वाससुद्धा घेतला.

"आठ दिवस थांबा," मिस्त्री म्हणाला. "मुंबईहून दुसरी नवी जोडी मागवतो."

"आठ दिस न्हाई जमायचं. भोगीला पुन्याला मीटिंग हाय आबासाहेबांची."

"मग नवी जोडी मागे टाका. रिमोल्ड पुढे."

मच्छिंद्रला वाटलं, मिस्त्रीला ही गाडी कळलेलीच नाही. "मिस्त्री, हिची वढ पुढं हाय. पुढली चाकं वढत्यात हिला."

"ठाऊक आहे. तरी मागेच टाका."

"नाल बैलाला मारत्यात का गाडीला? हिचा बैल पुढं हाय!"

दुकानात बसलेली माणसं हसली. मिस्त्री मात्र हसला नाही. "पुढचं चाक घसरलं तर तुमच्या हाताला कळतं, ड्रायव्हर. मागचं घसरलं तर हाताला काही कळत नाही. कळेपर्यंत गाडी आडवी झालेली असते."

"अकरा वर्सं बर्फात गाडी हाकलीया म्या."

"हाकली असेल. ती मागून ढकलणारी होती."

हे त्याला झोंबलं. चार लोकांत, तेही त्याच्या स्वतःच्या गाडीवरून. मिस्त्री खरं बोलत होता असं त्याला नंतर वाटलं, पण त्या वेळी वाटलं ते एवढंच की हा माणूस आपल्याला शिकवतोय. नवी जोडी पुढे बसवायला लावली. रिमोल्ड मागे. मिस्त्रीने पाना उचलला. गिऱ्हाइकाशी किती डोकं लावायचं?

परतताना गाडी अशी चालली म्हणता! स्टिअरिंगला जरा बोट लावलं की तोंड वळायचं. मच्छिंद्र वाटभर शीळ घालत आला. मला इथे काट्यावर थांबून म्हणाला, "दत्तोपंत, बसा, एक चक्कर मारू." मी बसलोही. मजा आली, खोटं कशाला सांगू.

आता निंबोणीच्या ओढ्याचं वळण तुम्हाला माहीत आहे, रोज येता-जाता. ओढ्यातून चढ आहे आणि चढावरच वळण. उसाच्या गाड्या तिथे दमतात. गाडीवान पुढे बैलांच्या तोंडाशी, आणि त्याची बायको हातात दगड घेऊन गाडीच्या मागे चालते. बैल थांबले की तिने चटकन चाकामागे दगड लावायचा, म्हणजे गाडी उतारावर मागे येत नाही. बैलांनी पुन्हा जोर धरला की दगड उचलायचा आणि चालायचं. त्या चढावर पडलेला ऊस चाकांखाली चिरडतो, मळीचा टँकर गळत जातो, वर रात्रीचं दव पडतं. अनवाणी माणूससुद्धा तिथे पाय जपून टाकतो.

भोगीच्या संध्याकाळी आबासाहेब पुण्याहून परत येत होते. घरी पाहुणे खोळंबलेले. "जरा पाय दाब की," असं त्यांनी दोनदा म्हटलं. चढावर एकच बैलगाडी होती, बन्सीची. बन्सी आणि छबूबाई, नवराबायको, खर्ड्याकडून ऊसतोडीला आलेली जोडी. बन्सी बैलांना धरून पुढे, छबूबाई दगड घेऊन मागे. मच्छिंद्रने हॉर्न दिला, गाडी उजवीकडून काढली, आणि वळण आलं.

पुढच्या चाकांनी रस्ता पकडून ठेवला होता. अगदी चोख. हाताला काहीही कळलं नाही. फक्त खिडकीतून दिसणारी झाडं जायला नकोत त्या बाजूला जाऊ लागली. मागून एक ठोका आला. मोठा नाही, पोतं टाकल्यासारखा. मग गाडी सरळ झाली आणि चढ संपला.

"थांबू नगं," आबासाहेब म्हणाले.

तरी तो थांबला. एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. आबासाहेब गाडीतच बसले आणि तो मागे पळत गेला. छबूबाई बैलगाडीच्या चाकाला लागून पडली होती. मोटारीने तिला तिथे भिरकावलं होतं. ती संपलेली होती. बन्सी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, आणि मच्छिंद्र तोंड उघडणार एवढ्यात तोच ओरडायला लागला.

"गाडी मागं आली रं... हारनाला बैल बुजलं, म्या धरलं न्हाईत... हिसका बसला मला, मला वाटलं दगडाला लागली... माज्याच गाडीखाली गेली रं ती... म्याच मारली..."

मच्छिंद्रने तोंड मिटलं.

त्याला खोटं बोलावं लागलं नाही, हे लक्षात घ्या. कुणी पढवलं नाही. खोटं आयतं समोर येऊन बसलं होतं, आणि ते बोलत होता तो तिचाच नवरा. याला फक्त गप्प राहायचं होतं. नंतर आबासाहेब म्हणाले तेही तेवढंच, "त्यो सोताच म्हनतोय न्हवं? मग तू कशाला मधी?"

फौजदारांनाही कबुली आयतीच मिळाली. हलगर्जीपणाने गाडी हाकून बायकोच्या मरणाला कारण झाला म्हणून बन्सीला तालुक्याच्या कोठडीत घातलं. टोळीचा मुकादम म्हणाला, "त्यो म्हनतोय तसंच झालं असंल." टोळीतल्या बाया रडल्या आणि दुसऱ्या दिवशी कोयते घेऊन फडात गेल्या. पंचनाम्याखाली दोन पंचांच्या सह्या होत्या. एक मुकादमाची. दुसरी माझी. अक्षर चांगलं म्हणून पंचनामा लिहिलाही मीच. मोटारीच्या मागच्या डाव्या अंगाला आलेला पोचा मी त्याआधी पाहिला होता. तुम्ही असे बघू नका माझ्याकडे. तुम्हीही उद्या सह्या कराल.

बन्सी कोठडीत अन्नाला शिवेना. हवालदार सांगायचा, रात्रभर एकच घोकतो, बैल घट्ट धरायला पाहिजे होते. बायको गेल्याचं दुःख होतंच, पण ती आपल्या हातून गेली हे त्याला जाळत होतं. हे मच्छिंद्रच्या कानावर रोज यायचं. एका वाक्यात त्या माणसाला यातून सोडवता आलं असतं. आणि ते वाक्य जगात फक्त मच्छिंद्रजवळ होतं. आबासाहेबांना ते ठाऊक होतं, पण त्यांना धरू नका.

पुढच्या गुरुवारी आबासाहेबांनी त्याला पुन्हा नगरला पाठवलं. मुंबईहून जोडी आली होती. मागचे रिमोल्ड काढायचे, नवे घालायचे, पोचा ठोकून घ्यायचा आणि काढलेले टायर कुणालाही न देता परत आणायचे.

राधाकृष्ण मिस्त्रीने पोचा पाहिला. काढलेल्या डाव्या रिमोल्डच्या एका कडेची नक्षी घासून गुळगुळीत झाली होती; तिच्यावरून हात फिरवला आणि तो हात फडक्याला बराच वेळ पुसत राहिला.

"नवी जोडी पुढेच होती ना?"

"व्हय."

"कोण होतं?"

मच्छिंद्र रस्त्याकडे बघत म्हणाला, "कुत्रं. आडवं आलं."

मिस्त्री पाठ फिरवून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. मच्छिंद्रने ते दोन टायर स्वतःच उचलून डिकीत टाकले.

त्या रात्रीची तारीख वीस जानेवारी. अमावस्या नव्हती. भुताच्या गोष्टीत तुम्हाला अमावस्या लागते, पण ती रविवारीच होऊन गेली होती. पश्चिमेला चंद्राची कोर होती. कारखाना साफसफाईला दोन दिवस बंद, त्यामुळे रस्त्याला बैलगाडी नाही, टँकर नाही. धूळ होती, कोरडी. मोटारीत जर्मन घड्याळ होतं, मिनिटाला न चुकणारं. निंबोणीच्या ओढ्यात गाडी उतरली तेव्हा त्यात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

मच्छिंद्रने वेग कमी केला. वीसवर आणला. चारही टायर नवे, रस्ता कोरडा, गाडीत तो एकटा. चढ लागला. वळण आलं.

गाडीचं मागचं अंग हळूच डावीकडे सरकलं.

त्याने सावरलं. वाटलं, खडा आला असेल. दहा हात पुढे गेला. पुन्हा सरकलं. या खेपेला जरा जास्त. हाताला काही कळत नव्हतं. स्टिअरिंग सरळ होतं, पुढची चाकं सरळ होती, आणि मागून कुणीतरी गाडीला बाजूला ढकलत होतं.

मग गाडी थांबली.

ब्रेकवर पाय नव्हता. हातब्रेक खाली. इंजिन चालू. त्याने ॲक्सिलरेटर दाबला. पुढची चाकं फिरली. जागच्या जागी. खडी उडाली, धूळ उठली, जळक्या रबराचा वास आला. पुढची चाकं ओढत होती... मागची हलत नव्हती.

त्याने बॅटरी घेतली आणि खाली उतरला. मागे आला.

डाव्या चाकापुढे दगड होता. दोन हातांत मावेल एवढा. कुणीतरी नीट बघून, चाकाला टेकवून लावलेला.

पोरांनी लावला असेल, असं तो मोठ्याने म्हणाला. तिथे पोरं कुठली? त्याने पायाने दगड उडवला. तो उतारावरून गडगडत ओढ्यात गेल्याचा आवाज त्याने ऐकला. परत येऊन बसला. दार लावलं. गियर टाकला.

चाकं फिरली. गाडी हलली नाही.

आता उतरायचं नाही, असं त्याने ठरवलं. आरशात बघायचं नाही, असंही ठरवलं... आणि बघितलं.

मागच्या दिव्याचा लाल उजेड रस्त्यावर पडला होता. त्या उजेडात एक बाई वाकलेली होती. काष्टा घातलेली. चाकाशी काहीतरी ठेवून ती सरळ उभी राहिली. हात कमरेवर घेतले. बैलांनी दम खाईपर्यंत बाया उभ्या राहतात, तशी उभी राहिली. घाई नव्हती तिला.

मच्छिंद्रने काच वर केली. इंजिन बंद पडलं होतं. केव्हा पडलं, कळलं नाही.

"ड्रायव्हरदादा..."

आवाज मागून आला नाही. शेजारून आला. काचेपलीकडून.

त्याने मान वळवली नाही.

"गाडी मागं न्हवती आली... त्यांनी बैल धरलं हुतं... घट्ट धरलं हुतं... म्या बघितलं..."

...

"त्यास्नी सांगा. येवडंच... बाकी मला काय नगं."

कसाबसा बोलला, "सांगतो."

"कवा?"

...

"कवा, दादा?"

"आत्ता. असाच जातो बाई... असाच तालुक्याला जातो."

मग मागे दगड उचलल्याचा आवाज आला. खर्रकन. चाकाखालून निघताना होतो तसा. मच्छिंद्रने किल्ली फिरवली, इंजिन एका झटक्यात लागलं, आणि गाडी चढ चढून वर आली. घड्याळात आठ वाजून बारा मिनिटं झाली होती. त्याला वाटलं होतं, मध्यरात्र उलटली.

फाट्यावर आला. डावीकडे तालुका, चार मैल. उजवीकडे आबासाहेबांचा बंगला, दिसतच होता. दिवे होते.

तो उजवीकडे वळला.

आधी टायर पोचवू, मग लगेच जाऊ, असं तो स्वतःला म्हणाला. माणूस स्वतःशी काय वाटेल ते बोलू शकतो, अडवायला कुणी नसतं. बंगल्यावर आबासाहेबांनी दोन्ही रिमोल्ड मळ्यातल्या गुऱ्हाळाच्या भट्टीत टाकायला लावले. नऊ वाजता. स्वतः उभे राहिले, राख होईपर्यंत. मच्छिंद्रने धीर करून विषय काढला, "आबासाहेब, त्या बन्सीला निदान..."

"तुजा भाऊ परवाच कायम झाला न्हवं कारखान्यात?" आबासाहेब मायेने म्हणाले. "दमला असशील. जा, झोप जा."

तो गेला. झोपला नाही, पण तालुक्यालाही गेला नाही. पडल्या पडल्या त्याने सकाळ केली.

सकाळी सातला तो तालुक्याला आला. मी तिथेच होतो, फौजदारांनी पंचनाम्याच्या प्रती घेऊन बोलावलं होतं. त्याचा चेहरा पाहिला आणि मला कळलं, हा बोलणार. खरं सांगतो, पंचनाम्यावरची माझी सही मला आठवली. त्याने हवालदाराला काहीतरी सांगून कोठडीशी जायची परवानगी घेतली. मी त्याच्या मागोमाग गेलो.

बन्सी कोपऱ्यात बसला होता. पाय पोटाशी घेऊन, अंग चोरून. आपल्या घरी सारवलेलं ओलं असलं की आपण कसं बसतो, तसा. त्याच्यापुढची भाकरी संपलेली होती. आठ दिवसांत पहिल्यांदा त्याने खाल्लं होतं.

"बन्सी," मच्छिंद्र गजांना धरून म्हणाला. "तुला एक सांगायचं हाय..."

"ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"गाडी मागं न्हवती आली," बन्सी म्हणाला. शांतपणे. "बैल धरलं हुतं म्या."

"कुनी... कुनी सांगितलं?"

"तिनं. पाटंचं आल्ती." तो मच्छिंद्रकडे बघत नव्हता. "फाट्यावर बसून ऱ्हायली म्हनली, लई येळ. तुमी येनार हुता म्हनं... तुमी काय आला न्हाई. मग ती सोताच आली, चालत."

...

मच्छिंद्रने गज सोडले.

"जावा तुमी, दादा," बन्सी म्हणाला. "मला कळलं. बास झालं."

आम्ही वळलो. हवालदार टेबलाशी बसून विडी ओढत होता. त्याने विचारलं, "काय काम होतं, ड्रायव्हर? काही लिहून घ्यायचंय का?"

मच्छिंद्रने माझ्याकडे पाहिलं. अजून वेळ गेली नव्हती. कागद समोर होता, दौत उघडी होती. त्याने एक शब्द काढला असता तर मी दुसरा काढला असता, असं मी आजही स्वतःला सांगतो. मी हातातल्या प्रतींकडे बघत राहिलो.

"काय न्हाई," मच्छिंद्र म्हणाला. "सहज आल्तो."

बन्सीला चार महिन्यांची सजा झाली. त्याने कोर्टात एक अक्षर काढलं नाही. सुटल्यावर खर्ड्याकडे निघून गेला, ती टोळी पुन्हा या बाजूला फिरकली नाही. मच्छिंद्रने त्याच शुक्रवारी गाडीची किल्ली आबासाहेबांच्या टेबलावर ठेवली, आणि त्या रात्री काट्यावर येऊन हे सगळं मला सांगितलं. आता श्रीगोंद्याकडे मेव्हण्याच्या वस्तीवर असतो, असं ऐकतो. स्टिअरिंगला हात लावत नाही. आबासाहेबांची गाडी दुसरा चालवतो. मी इथे आहे.

पण तुम्हाला अजून सांगितलं नाही, बन्सी अंग चोरून का बसला होता ते.

आम्ही वळताना त्याने बोट दाखवलं होतं. कोठडीच्या फरशीवर एक पट्टा उमटला होता. काळसर, चिकट. वाकून वास घेतला, मळीचा होता. वीतभर रुंद. बैलगाडीच्या लोखंडी धावेचा माग कसा असतो, दोन बोटांचा, ते बन्सीला कुणी सांगायला नको होतं. हा मोटारीच्या टायरचा होता. एका कडेला नक्षी, दुसरी कडा गुळगुळीत, घसरत गेलेल्या चाकाची. मच्छिंद्रने ती नक्षी ओळखली. तो टायर आदल्या रात्री नऊ वाजता त्याच्यादेखत जळला होता.

कोठडीला कुलूप होतं. पट्टा एका भिंतीच्या बुडातून निघून समोरच्या भिंतीच्या बुडात गेला होता. मधे कुठे पाऊल नाही, शिंतोडा नाही.

हवालदाराने सोडा टाकून फरशी घासून घेतली. दुपारपर्यंत डाग गेला. संध्याकाळी मुंग्या आल्या. राखेने झाकल्या, रॉकेल ओतलं, पुढे फरशीही उपटून नवी बसवली. मागच्या बुधवारी एका कामासाठी ठाण्यावर गेलो होतो, म्हणून आत डोकावलो. कोठडी रिकामी होती. नव्या फरशीवर मुंग्या होत्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, वीतभर रुंदीत. एका कडेला नक्षी धरून.